‘एम्पायर’, ‘फोर्ट’, ‘सॅम’: आजोबांच्या पुस्तकातल्या सरकारी बोटी पुढे कुठे गेल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा रत्नागिरीकडचे, मुंबईहून बोटीवर जायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या डिस्चार्ज पुस्तकात (खलाशाच्या बोटींवरच्या नोकरीची नोंदवही) दोन-तीन बोटींची नावं ‘एम्पायर’ने सुरू होतात, एक ‘फोर्ट’ आहे, एक ‘सॅम’. ही कोणती कंपनी, आणि लढाई संपल्यावर या बोटींचं काय झालं? मी मरीन इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि आता जुन्या जहाजांच्या नोंदी शोधण्यातच बराच वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कंपनीचं बघू. ‘एम्पायर’ नावाची कंपनी नव्हतीच. या बोटींचं मालक होतं ब्रिटिश सरकार. युद्ध सुरू होताच, ऑक्टोबर १९३९ मध्ये, लंडनमध्ये स्वतंत्र जहाज मंत्रालय निघालं. मे १९४१ मध्ये ते वाहतूक मंत्रालयात मिसळून ‘मिनिस्ट्री ऑफ वॉर ट्रान्सपोर्ट’ झालं. या मंत्रालयाने बांधून घेतलेल्या, विकत घेतलेल्या आणि शत्रूकडून पकडलेल्या बोटींना ‘एम्पायर’ने सुरू होणारं नाव मिळे. अशा बोटी १,३०० हून जास्त होत्या. त्यात दहा हजार टन माल वाहणारी जहाजं होती, तेलवाहू होती, मोठ्या जहाजांना ओढणारे बंदरातले छोटे टगही होते.

पण सरकारकडे कप्तान नव्हते, इंजिनिअर नव्हते, खलाशीही नव्हते. त्यामुळे प्रत्येक बोट चालवायला एखाद्या जुन्या खाजगी कंपनीकडे दिली जाई. माणसं कंपनीची, शिधासामान आणि दुरुस्तीची व्यवस्था कंपनीची. कुठला माल भरायचा, कोणत्या काफिल्यातून (संरक्षणाखाली एकत्र जाणाऱ्या बोटींच्या ताफ्यातून) कुठे जायचं हे मंत्रालय ठरवी आणि खर्चही तेच सोसे. कंपनीला व्यवस्थापनाची फी मिळे. म्हणून पुस्तकात ‘एम्पायर’ दिसलं, तरी आजोबांना भरती करणारी कंपनी क्लॅन लाइन, एलरमन, ब्रॉकलबँक, ब्रिटिश इंडिया यांच्यापैकी एखादी असण्याची शक्यता मोठी. हिंदुस्थानी खलाशी घेण्याची या कंपन्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. सरकारी बोट ताब्यात आली तरी माणसं त्याच ओळखीच्या सारंगामार्फत (खलाशांच्या मुकादमामार्फत) घेतली जात: डेकवर कोकणातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, बॉयलरपुढे आगवाले म्हणून पंजाब-सरहद्दीकडचे, सलूनमध्ये धोबीतलावच्या कुडींतून (गोवेकरांच्या गावनिहाय वसतिगृहांतून) आलेले गोवेकर. कलकत्त्याला भरती झाली तर इंजिनखात्यात बहुतेक सिल्हेटचे. बोट कोणाकडे चालवायला होती हे कळलं की निम्मा शोध तिथेच लागतो. ती माहिती बोटीच्या नावात कधीच नसते.

इथे एक फसगत होते. नावात ‘एम्पायर’ आहे म्हणून बोट सरकारी असेलच असं नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडायच्या बेताला दोन हजारांहून जास्त माणसं घेऊन निसटलेली ‘एम्पायर स्टार’ ही ब्लू स्टार लाइनची खाजगी बोट होती, युद्धाच्या आधीपासूनची. उलट ‘ओशन’, ‘फोर्ट’, ‘सॅम’ ही नावं सरकारी वाटत नाहीत, पण या बोटी मंत्रालयासाठीच धावत होत्या.

त्यांची कुळी एकच आहे. इंग्लंडमधल्या सुंदरलंडच्या थॉम्पसन यार्डात एक साधं मालवाहू जहाज आखलं गेलं. साधारण दहा हजार टन माल, वेग दहा-अकरा नॉट, कोळशाचे बॉयलर आणि तीन सिलिंडरचं ट्रिपल एक्स्पान्शन वाफेचं इंजिन, ताकद सुमारे २,५०० अश्वशक्ती. १९४० मध्ये हे इंजिन जुनाट मानलं जायचं. तरी तेच निवडलं, आणि इंजिनिअर म्हणून मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. टर्बाइन आणि मोठी डिझेल इंजिनं बनवणारे कारखाने नौदलाच्या कामात अडकले होते. ट्रिपल एक्स्पान्शन मात्र साधी फाउंड्री असलेला कुठलाही कारखाना ओतू शकत होता, आणि जगातल्या कुठल्याही बंदरातला फिटर ते उघडून दुरुस्त करू शकत होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्याच यार्डाचे सिरिल थॉम्पसन हा आराखडा घेऊन अमेरिकेला गेले. परतताना त्यांची ‘वेस्टर्न प्रिन्स’ ही बोट पाणबुडीने बुडवली, पण ते वाचले. त्या भेटीतून अमेरिकेत ६० ‘ओशन’ जहाजांची ऑर्डर पक्की झाली. कॅनडात त्याच आराखड्यावर ‘फोर्ट’ आणि ‘पार्क’ बांधली गेली. अमेरिकेने त्यात आपले बदल करून पुढे जी २,७१० लिबर्टी जहाजं बांधली, त्यांतली सुमारे २०० ब्रिटनला चालवायला मिळाली. त्यांचीच नावं बहुतेक ‘सॅम’ने सुरू होतात. म्हणजे आजोबा एम्पायरवरून फोर्टवर आणि तिथून सॅमवर गेले असतील, तर इंजिनरूममध्ये उतरल्यावर त्यांना फारसं परकं वाटलं नसणार. फक्त सॅमच्या बॉयलरला कोळसा नव्हता, तेल होतं. आगवाल्याच्या पाठीला तेवढाच आराम.

‘फोर्ट’ म्हटलं की मुंबईकराला एकच नाव आठवतं. ‘फोर्ट स्टिकीन’ १९४२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रुपर्टला बांधली गेली आणि लेंड-लीज कराराखाली (मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य उधारीवर देण्याची अमेरिकी योजना) ब्रिटनकडे आली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती बर्कनहेडहून निघाली तेव्हा तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीत काही माल उतरला आणि त्या जागी कापसाच्या हजारो गासड्या भरल्या. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत भरायचा नसतो हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, पण युद्धात जागा रिकामी ठेवणं परवडत नव्हतं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत कापसाने पेट घेतला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिंदिया या हिंदुस्थानी कंपनीची ‘जलपद्मा’ उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. एकूण मृतांचे आकडे ८०० ते १,३०० असे वेगवेगळे सांगितले जातात. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्या ६६ जवानांच्याच स्मरणार्थ. या बोटीला पुढचं आयुष्य मिळालंच नाही.

ज्यांना मिळालं त्यांच्याकडे वळण्याआधी पहिल्या महायुद्धाकडे जायला हवं, कारण ही सरकारी पद्धत तिथून आली. तेव्हा बोटींची नावं ‘वॉर’ने सुरू होत. १९१७ ची ‘वॉर शॅमरॉक’ ही त्यांतली पहिली. युद्ध संपल्यावर सरकारला त्या झटपट विकून मोकळं व्हायचं होतं. जहाजधंद्यातले बडे उद्योजक लॉर्ड इंचकेप यांनी १९६ स्टँडर्ड बोटींचा सौदा जमवून दिला. मालभाडं गगनाला भिडलं होतं, म्हणून कंपन्यांनी चढ्या भावाने बोटी उचलल्या. १९२० मध्ये भाडं कोसळलं आणि कितीतरी कंपन्या त्या कर्जाखाली बुडाल्या.

त्या विक्रीतलीच एक बोट मला सगळ्यांत जवळची वाटते. इंग्लंडमधल्या टाइन नदीवर पामर यार्डात ‘वॉर रोबक’ या नावाने ती बांधायला घेतली होती. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये ती ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ताफ्यात ‘गेरसोप्पा’ म्हणून दाखल झाली. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला गिरसप्पाचा धबधबा तो हाच. वीस वर्षं ती पूर्वेच्या बंदरांत माल वाहत राहिली. दुसरं महायुद्ध लागल्यावर पुन्हा सरकारी कामाला जुंपली गेली. डिसेंबर १९४० मध्ये तिने कलकत्त्याला चांदी, बिडाचं लोखंड आणि चहा भरला. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला वादळात तिला काफिल्याबरोबर वेग राखता येईना. कोळसा पुरणार नाही म्हणून ती एकटीच गॉलवेकडे वळली. फेब्रुवारी १९४१ च्या मध्यावर यू-१०१ या पाणबुडीने तिला बुडवलं.

एक होडी सुटली. सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांनी ती तेरा दिवस हाकली. पाणी संपलं, थंडीने आणि तहानेने एकेक माणूस जात राहिला. त्यांत बहुतेक हिंदुस्थानी खलाशी होते. कॉर्नवॉलच्या लिझर्ड टोकाशी, किनारा हाताशी आलेला असताना होडी लाटांत उलटली आणि एकटे एअर्स जिवंत बाहेर आले. पंचाऐंशी माणसं गेली. २०११ मध्ये सुमारे ४,७०० मीटर खोलीवर बोट सापडली आणि पुढच्या दोन वर्षांत जवळपास ११० टन चांदी वर काढली गेली. युद्धजोखमीच्या विम्याची भरपाई सरकारने दिलेली असल्यामुळे चांदीवर हक्क ब्रिटिश सरकारचा होता. तिच्या काही भागातून ब्रिटनच्या शाही टांकसाळीने नाणीही पाडली. बातम्या सगळ्या चांदीच्या आल्या. मला वाटतं, त्या होडीत बसलेल्या सारंग-टंडेलांची नावं आधी छापून यायला हवी होती. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदुस्थानी व्यापारी नौदलाच्या जवळपास ६,००० माणसांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारकांच्या नोंदवहीत आहेत. मुंबईची प्रत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये असते. तुमच्या घराण्यातलं कोणी परत आलं नसेल, तर सुरुवात तिथून करा.

आता दुसऱ्या युद्धानंतरचा हिशेब. १९२० च्या अनुभवाने हात पोळले होते, म्हणून या वेळी सरकारने घाई केली नाही. युद्ध चालू असतानाच नॉर्वे, हॉलंड, ग्रीस, पोलंड, बेल्जियम अशा परागंदा सरकारांना काही बोटी दिल्या गेल्या आणि त्यांची नावं तेव्हाच बदलली. अमेरिकेला गेलेल्या त्या आराखड्याची बहीण, १९४१ ची ‘एम्पायर लिबर्टी’, १९४३ मध्येच ग्रीक निशाणाखाली ‘किक्लाडेस’ झाली आणि १९६० मध्ये जपानमध्ये मोडली गेली. ज्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटी बुडाल्या होत्या त्यांना भरपाई म्हणून सरकारी बोटी घेता आल्या. बहुतेकांनी जी आपल्याकडे चालवायला होती तीच घेतली आणि तिला घराण्याचं नाव दिलं. सॅम बोटी अमेरिकेच्या मालकीच्या. त्यातल्या बऱ्याच १९४७ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी विकत घेतल्या, उरलेल्या परत गेल्या. ‘सॅमटाम्पा’ मात्र युद्धातून सुखरूप सुटून २३ एप्रिल १९४७ ला वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिचे सगळे ३९ जण आणि त्यांना वाचवायला निघालेल्या मम्बल्सच्या जीवरक्षक बोटीचे आठही जण गेले.

या बोटींबद्दल बोलताना लोक पाणबुड्यांवर थांबतात. पण जी वाचली तिच्या आयुष्याचा सगळ्यांत लहान तुकडा म्हणजे युद्ध. चार वर्षं लढाईची, पंधरा-वीस वर्षं त्यानंतरची.

सैनिकवाहू बोटींचं बघा. हॅम्बुर्गला १९३० मध्ये बांधलेली ‘मोंटे रोसा’ ही जर्मन प्रवासी बोट १९४५ मध्ये कील बंदरात ब्रिटिशांच्या हाती लागली. जानेवारी १९४७ मध्ये तिचं नाव ‘एम्पायर विंडरश’ झालं. मालक सरकार, चालवणारी न्यूझीलंड शिपिंग कंपनी. जून १९४८ मध्ये जमैकाहून आलेले प्रवासी तिच्यावरून टिलबरीला उतरले, आणि ब्रिटनमधल्या कॅरिबियन वस्तीची ती पिढी आजही याच बोटीच्या नावाने ओळखली जाते. स्वतः बोट मार्च १९५४ मध्ये कोरियाकडच्या सैनिकांना घेऊन परतताना भूमध्य समुद्रात पेटली आणि बुडाली. इंजिनखात्यातले चार जण गेले, बाकी सगळे वाचले. चौदाशेच्या वर माणसं पेटत्या बोटीवरून सुखरूप उतरवली गेली, याचा मला या धंद्यातला माणूस म्हणून फार आदर वाटतो.

‘पॉट्सडॅम’ची गोष्ट आपल्या जास्त जवळची. १९३५ ची ही जर्मन बोट आधी ‘एम्पायर ज्युवेल’ आणि मग ‘एम्पायर फोवी’ झाली. एकाच बोटीला दोन एम्पायर नावं, हेही लक्षात ठेवा. १९६० मध्ये ती कराचीच्या पॅन-इस्लामिक कंपनीने घेतली आणि ‘सफीना-ए-हुज्जाज’ या नावाने तिने हजचे यात्रेकरू नेले, १९७६ मध्ये कराचीजवळच्या गडाणीच्या किनाऱ्यावर मोडेपर्यंत. तिची जोडीदार शोभावी अशी ‘प्रिटोरिया’ सरकारकडे ‘एम्पायर ऑरवेल’ होती. ती ब्लू फनेल या ब्रिटिश कंपनीकडे जाऊन ‘गुनुंग जाती’ झाली आणि इंडोनेशियाचे यात्रेकरू जेद्दाला नेऊ लागली. शेवटी ती इंडोनेशियन नौदलात गेली.

रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींना तर कोणी पुढचं आयुष्य कल्पिलंही नसतं. तोंड उघडतं, उतरण पडते, गाडी बाहेर. ब्रिटिश व्यावसायिक फ्रँक बस्टर्ड यांनी त्यातल्या काही सरकारकडून भाड्याने घेतल्या. सप्टेंबर १९४६ मध्ये ‘एम्पायर बाल्टिक’ टिलबरीहून रॉटरडॅमला गाड्या घेऊन गेली. रो-रो वाहतुकीचा (गाड्या स्वतःच चढतात-उतरतात त्या बोटींचा) व्यापारी धंदा खऱ्या अर्थाने तिथून उभा राहिला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यायला हरकत नाही.

काही बोटींच्या वाट्याला वाईट काम आलं. १९४७ मध्ये ‘एक्सोडस’ बोटीवरून पॅलेस्टाइनला पोचलेल्या साडेचार हजार ज्यू निर्वासितांना उतरू न देता ‘ओशन व्हिगर’, ‘रनीमीड पार्क’ आणि ‘एम्पायर रायव्हल’ या तीन बोटींत कोंबून परत फिरवलं गेलं आणि शेवटी हॅम्बुर्गला नेलं गेलं. छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांना पुन्हा जर्मनीत उतरवणाऱ्या या तिन्ही बोटी त्याच सरकारी ताफ्यातल्या.

आणि एक टग आजही पाण्यावर आहे. १९४३ ची ‘एम्पायर सँडी’ नावं आणि मालक बदलत कॅनडात पोचली, तिथे तिला तीन डोलकाठ्यांची शिडाची बोट केलं गेलं, आणि टोरांटोत ती मूळच्याच नावाने पर्यटकांना फिरवते.

बाकी शेकडो बोटी मात्र साध्या ट्रॅम्प (ठरलेला मार्ग नसलेल्या, माल मिळेल तिकडे जाणाऱ्या बोटी) म्हणून झिजल्या. ग्रीक मालक, पनामा किंवा लायबेरियाचं निशाण, दर चार-पाच वर्षांनी नवं नाव. धान्य, कोळसा, खत. हिंदुस्थानी कंपन्यांनीही असा वापरलेला माल घेतला, कारण १९४७ नंतर ताफा वाढवायचा होता आणि नवी जहाजं बांधून मिळायला वर्षं लागत. या बोटी स्वस्त होत्या, कुठेही दुरुस्त होत, पण कोळसा खात आणि हळू चालत. १९५६ मध्ये सुवेझ बंद झाला तेव्हा भाडं चढलं आणि त्यांना आणखी थोडं आयुष्य मिळालं. नंतर डिझेल बोटींपुढे त्यांचा टिकाव लागेना. वीस वर्षांची झालेली बोट मोठ्या सर्व्हेला (तपासणीला) आली की पत्रे बदलायचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जाई. म्हणून १९५८ ते १९६८ या काळात त्या जपान, हाँगकाँग, तैवान, इटली इथल्या भंगारवाल्यांकडे रांगेने गेल्या.

तुमच्या कामाचं आता. नावाच्या मागे लागू नका. पुस्तकात बोटीच्या नावाशेजारी सहा आकडी ऑफिशियल नंबर असतो. युद्धातल्या काही नोंदींत गुप्ततेसाठी नाव गाळून नुसता हा नंबरच लिहिलेला दिसतो. ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत नाव कितीदा बदललं तरी तो बदलत नाही. तो मिळाला की त्या वर्षीचं लॉइड्स रजिस्टर (जहाजांची वार्षिक यादी) उघडा: बांधणारं यार्ड, वर्ष, टनेज मिळेल. यार्ड आणि यार्ड नंबर लिहून ठेवा, कारण बोट परदेशी निशाणाखाली गेल्यावर ऑफिशियल नंबर संपतो आणि पुढचा धागा यार्ड नंबरच देतो. युद्धातल्या फेऱ्या हव्या असतील तर लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ३८९ या मालिकेत बोटीगणिक हालचालींची कार्डं आहेत. कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात होती हे त्यावर हाताने लिहिलेलं असतं. खलाशांच्या याद्या आणि लॉगबुकं बीटी ३८१ मध्ये, तीही ऑफिशियल नंबरानेच लावलेली.

कार्ड मिळालं की आजोबांच्या चढण्या-उतरण्याच्या तारखा त्यावर बसवून बघा. त्या तारखेला बोट मुंबईत नसेल तर घाबरू नका: युद्धात खलाशांना प्रवासी म्हणून दुसऱ्या बंदरात नेऊन तिथे बोटीवर चढवलं जाई. आणि पुस्तकात उतरल्याचं ठिकाण बंदराऐवजी ‘समुद्रावर’ असं लिहिलेलं असेल, तर ती बोट बहुधा बुडाली आणि आजोबा वाचले. त्या नोंदीचा ऑफिशियल नंबर सगळ्यांत आधी शोधा.